रिफ्लक्सच्या बाळासाठी उताराची उशी: आठ रात्रींनंतर

पाचापैकी एक तारा. शिवण चांगली आहे, चेन खोळीच्या आत लपवलेली आहे, फोम दाबला तरी आकार सोडत नाही. या तिन्ही गोष्टी मी नीट तपासल्या, कारण माझं कामच लाकूड, फोम आणि मापांचं आहे. तो एक तारा त्या कारागिरीचा. पण बाळाचा रिफ्लक्स, म्हणजे पोटातलं आंबट दूध वर घशाकडे येणं, थांबवायला ही उशी विकतात आणि ते काम ती करत नाही, आणि सात-आठ महिन्यांच्या बाळाच्या अंथरुणात ती ठेवणं धोक्याचं आहे. तुम्ही रात्री दोन वाजता बाळाला खांद्यावर घेऊन एका हाताने फोनवर 'सायलेंट रिफ्लक्स' शोधत असाल, तर एवढंच वाचा आणि उशी मागवू नका. बाकीचं सकाळी वाचलंत तरी चालेल.

आमच्या लेकीच्या लाळेऱ्यावर दुधाचा डाग कधी पडायचाच नाही. सगळी अडचण तिथेच होती. रिफ्लक्सचं बाळ दूध काढतं, गुळणी टाकतं, अशी सगळ्यांची समजूत. आमची काढायची नाही. पिऊन झालं, खांद्यावर थोपटलं, ढेकर दिला, गादीवर ठेवलं, की दहा-बारा मिनिटांनी घशातून 'गुटुक' असा आवाज यायचा. तोंडात काही नसताना ती गिळायची. मग तोंड वाकडं व्हायचं, ओठ आवळले जायचे. पुन्हा गुटुक. मग पाठ धनुष्यासारखी ताणून, मान मागे टाकून रडणं, आणि ते रडणंही घोगरं, रात्रभर ओरडून बसलेल्या आवाजासारखं. तोंडाला आंबूस वास. दिवसातून चार-पाच वेळा उचक्या. उचलून उभं धरलं की दोन मिनिटांत शांत, ठेवलं की पुन्हा तेच.

"दात येत असतील." "पोट भरत नसेल." "तुम्हीच हाताची सवय लावलीत." या तिसऱ्या वाक्याने माझी बायको किती रात्री रडली आहे हे मी पाहिलंय. सवय लागलेलं बाळ उचलल्यावर शांत होतं हे खरं, पण ते झोपेत कोरडे घोट गिळत नाही. हा फरक आम्हाला तेव्हा शब्दांत सांगता येत नव्हता.

डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मॅडमनी कागदावर एक नळी आणि एक पिशवी काढून दाखवली. नळी म्हणजे अन्ननलिका, पिशवी म्हणजे जठर, आणि दोघांच्या मध्ये स्नायूंचं कडं. घास खाली गेला की हे कडं मिटायला हवं. ते अधूनमधून आपोआप सैल पडतं. मोठ्या माणसांतही पडतं, पण बाळाची नळी आखूड, खाणं पातळ आणि दिवसाचा बराच वेळ आडवं पडून. मोठ्या माणसाची अन्ननलिका साधारण २५ सेंटीमीटर, आमच्या लेकीच्या वयाच्या बाळाची त्याच्या निम्मी. वर आलेलं तोंडाबाहेर पडलं की गुळणी, घशापर्यंत येऊन परत गिळलं गेलं की सायलेंट रिफ्लक्स. आंबट तेच आहे. आमच्या बाळाला मात्र ते दोनदा सोसावं लागतं, वर येताना आणि खाली जाताना.

"सहा महिन्यांनंतर आपोआप कमी होईल," असं आम्हाला दुसऱ्या महिन्यापासून ऐकवलं जात होतं. ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे दूध वर येणं निदान ४० टक्के बाळांत दिसतं, बहुतेक वेळा पहिल्या आठ आठवड्यांत सुरू होतं आणि दहातल्या नऊ बाळांचं वर्षाच्या आत थांबतं. आकडा दिलासा देणारा आहे. पण आमच्याकडे सहा महिन्यांनंतर ते वाढलं. वरचं खाणं सुरू झालं, ती बसायला लागली पण कंबरेतून वाकून, पोटाची घडी करून. पालथी पडायला शिकली आणि प्यायल्या-प्यायल्या पोटावर पडून दोन्ही हात टेकायला लागली. भरलेली पिशवी दाबली तर तोंडातून येणारच. मोठ्या बाळाचा रिफ्लक्स वेगळा असतो तो या सगळ्यामुळे: बाळ आता एका जागी पडून राहत नाही.

अशा वेळी ही उशी समोर आली. चित्रात हसरं बाळ उतारावर झोपलेलं, वर लिहिलेलं 'रिफ्लक्समध्ये आराम'. उतारावर पाणी खाली वाहतं, वर चढत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. म्हणून मला ते पटलं. उशीचा आकार पाचरीचा आहे आणि पाचरीशी माझी रोजची गाठ. मागवली.

पहिल्या रात्री लेक सलग तीन तास झोपली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. आता वाटतं, आदल्या दोन रात्री ती जवळजवळ जागीच होती, त्यामुळे थकून झोपली असावी. पण त्या सकाळी मी या उशीला पाच तारे दिले असते. म्हणून सांगतो, एका रात्रीनंतर लिहिलेल्या कौतुकावर जाऊ नका.

दुसऱ्या रात्री गुटुक परत सुरू. तिसऱ्या रात्री साडेतीनला जाग आली ती आवाजाने नाही, शांततेने. दिवा लावला. लेक उतारावरून घसरून खाली आली होती. बूड गादीला टेकलेलं, पाठ उशीवर, कंबरेत घडी, आणि हनुवटी छातीला चिकटलेली. श्वास चालू होता पण नाकातून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. मी तिला सरळ केलं तेव्हा तिने खोल श्वास घेतला. तो श्वास मी विसरलेलो नाही. तरीही आम्ही उशी काढली नाही, कारण वाटलं, नीट वर ठेवली नसेल. चौथ्या रात्री बूड घसरू नये म्हणून पायाशी पांघरुणाची गुंडाळी लावली. तसं करू नका. बाळाच्या अंथरुणात अशी सैल वस्तू ठेवणं हा आणखी एक धोका आम्ही स्वतःच्या हाताने वाढवला.

सहाव्या रात्री ती उशीवर पालथी झाली, डोकं उताराकडे आणि तोंड फोममध्ये. बायको जागी होती म्हणून लगेच उचललं. सातव्या आणि आठव्या रात्री लेक आमच्या खांद्यावरच झोपली, आळीपाळीने. उशी रिकामी पडून होती.

आठव्या दिवशी मी ती कामाच्या बाकावर नेली आणि मापं घेतली. लांबी ६० सेंटीमीटर, डोक्याकडची उंची १६. म्हणजे जवळजवळ १५ अंशांचा उतार. मग लेकीच्या वजनाएवढी, आठ किलोंची वाळूची पिशवी सुती कापडात गुंडाळून वर ठेवली. नुसती ठेवली तर राहिली. पण बाळ हातपाय हलवतं तसे छोटे धक्के दिले, तर दर धक्क्याला थोडी थोडी खाली आली आणि शेवटी तळाशी जाऊन थांबली. लेक रात्री जिथे सापडत होती तिथेच.

त्यानंतर मी कागदावर आकृती काढली, आणि हे मला सगळ्यांना सांगायचंय. बाळाची १२ सेंटीमीटरची अन्ननलिका १५ अंशांच्या उतारावर ठेवली, तर तिचं वरचं टोक खालच्या टोकापेक्षा जेमतेम ३ सेंटीमीटर उंच होतं. तेच बाळ उभं धरलं तर पूर्ण १२. म्हणजे खांद्यावर धरून जे मिळतं त्याचा चौथा हिस्सा, आणि तोही बाळ काठीसारखं ताठ पडून राहिलं तरच. घसरून कंबरेत घडी पडली की पोट दाबलं जातं आणि तो चौथा हिस्साही हातचा जातो. उलट आतलं वर ढकललं जातं. १९८३ साली डॉक्टरांनी बाळांना कलत्या बैठकीत बसवून आणि पालथं ठेवून अन्ननलिकेतलं आम्ल मोजलं होतं, तेव्हा बैठकीतल्या बाळांतच रिफ्लक्स जास्त आढळला. (याचा अर्थ पालथं झोपवावं असा मुळीच नाही. पालथं झोपवल्याने झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका वाढतो, हे नंतर पक्कं झालं आहे.)

मापं लिहिलेला कागद घेऊन मी मॅडमकडे गेलो. त्यांनी कागद नीट पाहिला, मग मला म्हणाल्या, "अहो, ती उशी आज घरी गेल्या गेल्या काढा." युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८ साली मिळून ज्या सूचना काढल्या, त्यांत झोपलेल्या तान्ह्या बाळाचं डोकं उंच करून रिफ्लक्सवर उपाय करू नये असं स्पष्ट म्हटलंय. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२२ च्या सुरक्षित झोपेच्या सूचनांत तेच सांगितलं: पाठीवर, सपाट, घट्ट गादीवर, अंथरुणात दुसरं काही नाही. त्याच वर्षी अमेरिकेत १० अंशांपेक्षा जास्त उताराची तान्ह्या बाळांची झोपायची साधनं बनवायला आणि विकायला कायद्याने बंदी आली. माझ्या उशीच्या लांबीला १० अंश म्हणजे साडेदहा सेंटीमीटर उंची. ही १६ होती. त्याआधी, २०१० साली, तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने आणि ग्राहक सुरक्षा आयोगाने बाळाला एका स्थितीत धरून ठेवणाऱ्या उशा-पाचरी वापरू नका असा इशारा दिला होता, कारण १३ वर्षांत १२ बाळं त्यांत गुदमरून गेल्याची नोंद त्यांच्याकडे झाली होती. इतकं सगळं आधीच माहीत असताना ही वस्तू हसऱ्या बाळाच्या चित्रासकट विकली जाते, याचा मला राग आहे.

माझा खरा भयाचा प्रश्न वेगळा होता, आणि तो बहुतेक आईबापांच्या मनात असतो. सपाट पाठीवर झोपवलं आणि दूध वर आलं तर ठसका लागून घुसमटणार नाही का? मॅडमनी पुन्हा चित्र काढलं. बाळ पाठीवर असतं तेव्हा श्वासनलिका वरच्या बाजूला असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. वर आलेलं आंबट पाणी श्वासनलिकेत जायचं तर त्याला वर चढावं लागेल. पालथं असताना याच्या उलट. हे चित्र मी घरी आणून कपाटाच्या दारावर चिकटवलं, कारण रात्री तीनला भीती पुन्हा येते आणि तेव्हा चित्र बघितलेलं बरं. बाळ आपणहून दोन्ही बाजूंना उलटायला लागलं असेल तर पाठीवर ठेवायचं आणि मग ते वळलं तर वळू द्यायचं, एवढंच.

उशी गेली. मग काय केलं, हे सांगितल्याशिवाय मत पूर्ण होणार नाही, कारण कुणीही ही उशी हौसेने घेत नाही. हतबल होऊन घेतात.

मॅडमनी आधी एक वही करायला सांगितली. मी कामाच्या मापांची वही असते तशीच आखली: वेळ, किती प्यायली किंवा खाल्लं, कशी बसली होती, नंतर किती वेळ उभी होती, गुटुक किती वेळा, रडणं किती मिनिटं. दोन आठवडे. पहिले चार दिवस नुसते आकडे दिसले. पाचव्या दिवशी बायकोने पेन्सिलने दोन ओळींखाली रेघा मारल्या आणि म्हणाली, "हे बघ ना, दोन्ही वेळा गाडीतून आल्यावर." गाडीतल्या बाळाच्या सीटमध्ये ती पाऊणएक तास बसली होती, पोटाची घडी करून, आणि घरी झोप लागली म्हणून आम्ही सीटसकट तिला आत आणून तसंच ठेवलं होतं. आम्हाला वाटत होतं आपण तिची झोप जपतोय. तेव्हापासून ती सीट फक्त प्रवासासाठी. पोचलो की बाहेर, झोपलेली असली तरी.

दुसरी गोष्ट वहीतून निघाली ती रात्रीच्या दुधाची. आम्ही तिला पिता पिता झोपू देत होतो, कारण तेवढीच एक हमखास झोपवायची युक्ती उरली होती. भरलेलं पोट, लगेच आडवं. मग क्रम बदलला: आधी दूध, मग दिवा मंद करून अर्धा तास माझ्या छातीशी उभी, मग झोप. हा बदल सगळ्यात कठीण गेला. पहिल्या तीन रात्री तिने तासभर रडून घर डोक्यावर घेतलं. चौथ्या रात्री ती माझ्या खांद्यावरच्या भुशाच्या वासात तोंड खुपसून झोपली आणि ठेवल्यावर त्या रात्री गुटुक दोनदाच मोजले. एरवी आठ-नऊ असायचे. शिवाय एका वेळी १८० मिलिलिटर द्यायचो ते १२० वर आणलं आणि वेळा वाढवल्या. दिवसाचं एकूण तेवढंच राहील हे वहीत जपलं. हे प्रमाण तुमच्या डॉक्टरांना विचारूनच बदला.

आता खुर्ची. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण ती माझ्या हातातली गोष्ट आहे आणि मोठ्या बाळाच्या रिफ्लक्सबद्दल बोलताना तिच्याकडे कुणी बघत नाही. बाळाच्या जेवणाच्या उंच खुर्च्या बहुतेक वाडग्यासारख्या असतात. बसायची जागा खोल, पाठ मागे कललेली, पाय लोंबकळत. पाय टेकायला काही नसलं की बाळ बुडावरून पुढे सरकतं, पाठ कोयरीसारखी वळते आणि पोट मिटतं. तुम्ही स्वतः उंच स्टुलावर पाय अधांतरी ठेवून जेवून बघा. दोन घासांत पाय कुठेतरी टेकवावेसे वाटतील. आमची लेक चार घास खाल्ले की मान फिरवायची, आम्ही समजायचो तिला चव आवडत नाही.

माझ्याकडे मीच बनवलेली लाकडी खुर्ची होती. तिच्या पुढच्या दोन पायांना आतून तीन तीन भोकं पाडली, तीन सेंटीमीटरच्या अंतराने, आणि त्यांत बसणारी पायपाटी केली, १२ मिलिमीटर प्लायची, कडा पॉलिशपेपरने गोल करून, वर रबराची चटई. बसल्यावर गुडघा काटकोनात आला पाहिजे आणि तळवा पूर्ण टेकला पाहिजे, ही खूण. काटकोन तपासायचा गुण्या लावून बघितलं तेव्हा लेकीने गुण्याच तोंडात घातला, मग डोळ्यांनीच अंदाज घेतला. पाठीमागे टॉवेलची घट्ट गुंडाळी, दोन्ही कुशींना एकेक, आणि पट्टा बांधलेला. पाटी लावल्यावर पहिल्याच जेवणात ती उंच झाल्यासारखी दिसली. कंबर सरळ, पोट मोकळं, आणि तळवे पाटीवर दाबून ती पुढे वाकली चमच्याकडे. स्वतःहून. नवव्या महिन्यात मी हे पहिल्यांदा पाहिलं. बायको चमचा तसाच हातात धरून माझ्याकडे बघत होती.

विकतच्या प्लास्टिकच्या खुर्चीला घरी भोकं पाडू नका, तिची ताकद जाते. पाय टेकायची पाटी वरखाली करता येईल अशीच खुर्ची घ्या. या उशीला घातलेले पैसे तिकडे घाला.

बाळाला अंगावर बांधायचा झोळा-पट्टाही उपयोगी पडला, पण सरळ उभा धरणारा, हनुवटी छातीपासून सुटी राहील आणि तोंड सतत दिसेल असा. जेवणानंतर अर्धा तास मी तिला त्यात घेऊन हिशेबाची कामं करायचो. करवत-रंध्याजवळ कधीच नाही. त्यात ती झोपली तरी आपण जागे हवं, आणि थोड्या वेळाने सपाट गादीवर.

बाकीच्या वस्तू थोडक्यात. हवा जाऊ नये म्हणून नळी असलेली बाटली: काही फरक नाही, धुवायला त्रास. दूध घट्ट करायची पावडर: डॉक्टर म्हणाल्या ती दिसणारी गुळणी कमी करते, तुमच्याकडे गुळणीच नाही. आम्ही घेतली नाही. आणि ती कुणीच स्वतःच्या मनाने घेऊ नये; मुदतीआधी जन्मलेल्या बाळांना एका प्रकारच्या घट्ट करणाऱ्या पदार्थाने आतड्याचा गंभीर आजार झाल्यावरून २०११ साली अमेरिकेत इशारा निघाला होता. कंबरेला घट्ट इलॅस्टिक असलेले कपडे आणि आवळलेला डायपर मात्र लगेच बदला. याला काही लागत नाही, आणि डायपर बदलताना पाय पोटावर दुमडून वर उचलण्याऐवजी कुशीवर वळवा.

गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी कधी कधी अगदी अशीच दिसते, म्हणून बायकोने मॅडमच्या सांगण्यावरून तीन आठवडे दुधाचे सगळे पदार्थ सोडले. आमच्याकडे फरक पडला नाही, म्हणून परत सुरू केले. पण काही बाळांत एवढ्याने चित्र पालटतं, त्यामुळे हा प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीखाली दोन ते चार आठवडे करून बघण्यासारखा आहे. जे नीट सोडलं ते नीट परत सुरूही करायचं, हे महत्त्वाचं.

औषधाबद्दल. मी पहिल्याच भेटीत औषध मागितलं होतं. मॅडम नाही म्हणाल्या तेव्हा मला राग आला. त्यांनी सांगितलं की २००९ साली १६२ बाळांवर आम्ल कमी करणाऱ्या औषधाची चाचणी झाली. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं. दोन्ही गटांत ५४ टक्के बाळांचं रडणं सारखंच कमी झालं. औषध घेतलेल्यांत गंभीर त्रास, त्यातही छातीचा संसर्ग, जास्त दिसला. पोटातलं आम्ल जंतूंना अडवतं, ते दाबलं की ती राखण सैल पडते. हे ऐकल्यावर राग गेला. पुढे नवव्या महिन्याच्या अखेरीस तिने खाणं खूपच टाकलं आणि तीन आठवडे वजन जागचं हललं नाही, तेव्हा त्यांनीच चार आठवड्यांसाठी औषध दिलं, सकाळी पिण्याच्या अर्धा तास आधी, आणि थांबवायची तारीख त्याच दिवशी कागदावर लिहून दिली. औषध वाईट नाही. ते कधी सुरू करायचं आणि कधी थांबवायचं हे ठरवणारं माणूस समोर हवं.

आणि काही गोष्टींत वही, खुर्ची, खांदा यांपैकी कशाचीही वाट बघायची नाही. उलटी हिरवी असेल, रक्त असेल, जोरात फवाऱ्यासारखी होत असेल, वजन घटत असेल, श्वास मध्येच थांबत असेल, बाळ सुस्त पडलं असेल, तर तडक डॉक्टर. दूध वर येणं सहा महिन्यांनंतर पहिल्यांदाच सुरू झालं, किंवा वर्ष उलटूनही चालूच राहिलं, तरीही दाखवा. मग कारण दुसरं असू शकतं. मोठ्या बाळाच्या आईबापांना हे कुणी सांगत नाही, कारण सगळी माहिती तीन महिन्यांच्या बाळांसाठी लिहिलेली असते.

उशी बनवणाऱ्यांना मी लिहिलं. उत्तर आलं की खोळ उघडलेला माल परत घेत नाहीत. मग मी खोळीच्या आतली चिठ्ठी पहिल्यांदा पूर्ण वाचली. अगदी बारीक अक्षरांत, धुण्याच्या सूचनांच्या खाली लिहिलेलं: 'बाळ झोपलेले असताना देखरेखीशिवाय वापरू नये.' डब्यावर झोपलेल्या बाळाचं चित्र. ज्या आईबापांनी आठवडाभर झोप पाहिलेली नाही त्यांना रात्रभर जागून पहारा द्यायला सांगणारी ही चिठ्ठी आत, आणि चित्र बाहेर. चिठ्ठी आणि चित्र यांचे फोटो मी या मतासोबत जोडले आहेत. विकणाऱ्यांनी ती ओळ डब्याच्या दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत छापावी, एवढी माझी मागणी आहे.

उशी मी कुणाला दिली नाही. मागणारे दोघं होते, दोघांनाही वरची आकृती काढून दाखवली. मग फोम कापून त्याचे चार तुकडे केले. जमिनीवर काम करताना दोन माझ्या गुडघ्यांखाली असतात. लेक आता तेरा महिन्यांची आहे. अकराव्या महिन्यात धरून उभी राहायला लागली तसे वहीतले आकडे उतरत गेले, आणि गेल्या महिन्यात आठ रात्री अशा गेल्या की लिहायला काहीच नव्हतं. सर्दी झाली की गुटुक अजून ऐकू येतं, तेव्हा पुन्हा अर्धा तास खांदा. मागच्या आठवड्यात खुर्चीची पाटी एक भोक खाली घेतली. तिचे पाय लांब झालेत.